खळ्यातली आफ्रिका: मातीचा उठावाचा नकाशा कसा करावा

दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की कोकणात खळी चोपायला घेतात. माती, शेण, पेंढा सगळं हाताशी असतं. त्याच वेळी शाळेच्या किंवा घरच्या खळ्याचा एक कोपरा राखून ठेवला, तर दोन-तीन आठवड्यांत आफ्रिका खंडाचा उठावाचा नकाशा उभा राहतो. छापील नकाशात आफ्रिका सपाट दिसते आणि म्हणून समजतच नाही. हा खंड म्हणजे उपडं घातलेलं ताट आहे: मधे विस्तीर्ण पठार, कडेला एकदम उतरण आणि पायथ्याशी बहुतेक ठिकाणी अरुंद किनारपट्टी. घाटमाथा आणि तळकोकण यांतला फरक रोज बघणाऱ्या मुलांना हे सांगावं लागत नाही, फक्त हातानं करू द्यावं लागतं.

पागोळ्यांपासून दूर, ४.४ मीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा घ्या. चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. दोन्ही कर्ण ६.२२ मीटर भरले पाहिजेत, नाहीतर चौरस तिरका झालेला असतो. प्रत्येक बाजूला दर ५५ सेंटिमीटरवर खिळा मारून सुतळ्या ताणा. आठ गुणिले आठ, अशी ६४ घरं होतील. एक घर म्हणजे १० अंश. वरची कड ४० अंश उत्तर, खालची ४० अंश दक्षिण, डावी २० अंश पश्चिम आणि उजवी ६० अंश पूर्व. विषुववृत्त नेमकं मधल्या सुतळीवर येतं. ती सुतळी काव लावून लाल करा. आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला २० किलोमीटर पडतं. वर-खाली टोकांकडे पूर्व-पश्चिम अंतर साधारण पाचव्या हिश्शानं फुगतं, म्हणून तिथली अंतरं उत्तर-दक्षिणच मोजावीत.

आता किनारा. ट्यूनिशियाचं टोक ३७ उत्तर, १० पूर्व. सुएझ ३० उत्तर, ३२.५ पूर्व. ग्वार्दाफुईचं टोक १२ उत्तर, ५१ पूर्व. मोंबासा ४ दक्षिण, ४० पूर्व. दर्बान ३० दक्षिण, ३१ पूर्व. अगुल्हास ३५ दक्षिण, २० पूर्व. काँगोचं मुख ६ दक्षिण, १२ पूर्व. कॅमेरूनचा कोपरा ४ उत्तर, ९.५ पूर्व. डाकार १५ उत्तर, १७ पश्चिम. टँजियर ३६ उत्तर, ६ पश्चिम. एवढ्या जागी खुंट्या मारून मधला किनारा अॅटलास बघून चुन्यानं ओढा. मादागास्कर विसरू नका. ते लांबीला ८० सेंटिमीटर भरतं.

बहुतेक नकाशे फसतात ते यानंतरच्या टप्प्याला. पाणी वाहून जावं म्हणून खळ्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. शंभराला एक इतका हलका उतार धरला तरी ४.४ मीटरमध्ये ४.४ सेंटिमीटरचा फरक पडतो. आपल्या उभ्या प्रमाणात (१ सेंटिमीटरला १ किलोमीटर) तो इथिओपियाच्या डोंगरांएवढा झाला! मग नाईल उलटी वाहते आणि चूक कुठं झाली ते सापडत नाही. गवंड्याची पाण्याची नळी आणून चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर एकच पातळी खुंट्यांवर नोंदवा. त्या पातळीपर्यंत, किनाऱ्याच्या आत, किमान २ सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर चोपून घ्या. या थराचा माथा म्हणजे समुद्रसपाटी.

आडव्या प्रमाणानं उंची घेतली तर किलिमांजारो जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. म्हणून उभं प्रमाण १ सेंटिमीटरला १ किलोमीटर घ्या. उंची वीसपट फुगवली आहे, हे पाटीवर लिहून ठेवा. नाहीतर मुलं आफ्रिका सुळक्यांची समजून बसतील. खुणांसाठी माडाच्या झावळीचे हीर वापरा. किलिमांजारो ५.९ सेंटिमीटर, माउंट केनिया ५.२, रुवेंझोरी ५.१, इथिओपियातलं रास दाशेन साडेचार, अॅटलास पर्वतातलं तुबकाल ४.२, सहारातलं तिबेस्ती ३.४, ड्राकेन्सबर्ग साडेतीन. हीर समुद्रसपाटीच्या वर तेवढाच दिसेल असा खोचायचा आणि त्याचं टोक झाकेपर्यंत माती चढवायची.

माती चाळलेली लाल घ्या. तीन घमेली माती, एक घमेलं भाताचं तूस, अर्धं घमेलं शेणकाला. तूस कमी पडलं तर सुकताना भेगा पडतात, जास्त झालं तर कडे ढासळतात. पंधरा लिटरचं घमेलं धरलं तर तळथरासकट किमान १८ ते २० घमेली मिश्रण लागतं. एका वेळी १ सेंटिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. वरून सुकून आत ओला राहिलेला थर हमखास फुटतो. दोन थरांमध्ये दोन दिवस झावळ्यांची सावली ठेवा.

शिखरं आधी करण्याचा मोह आवरा. आधी पठार. अंगोलाच्या लुआंडापासून तांबड्या समुद्रावरच्या मसावापर्यंत एक सुतळी ताणा. ढोबळमानानं तिच्या आग्नेयेचा प्रदेश उंच, १ सेंटिमीटर किंवा जास्त; वायव्येचा सखल, ३ ते ५ मिलिमीटर. काँगोचं खोरं मधल्या बशीसारखं खोलगट ठेवा. ड्राकेन्सबर्गची कड समुद्रापासून दहा-बारा सेंटिमीटरच्या आत तीनपर्यंत चढवा आणि समुद्राकडची बाजू करणीनं उभी कापा. मुलं तिला आपणहून सह्याद्री म्हणतील, आणि ते योग्यच आहे. मोझांबिकचा सखल किनारा मात्र रुंद असतो, तिथं कडा मागे सरकवा.

थर ओलसर असतानाच पूर्व आफ्रिकेतली खचदरी, म्हणजे जमीन खचून झालेली लांब दरी, कोरा. तिच्या दोन शाखा आहेत. पश्चिमेच्या शाखेत टांगानिका सरोवर: लांबी ६७३ किलोमीटर, म्हणजे ३४ सेंटिमीटर. याच प्रमाणात डहाणूपासून तेरेखोलपर्यंतचं कोकण उभ्या रेषेत २४ सेंटिमीटरच भरतं. सरोवराची पाणपातळी ७७३ मीटरवर आणि खोली १,४७० मीटर, त्यामुळे तळ समुद्रसपाटीच्या ७ मिलिमीटर खाली जातो. तळाचा थर २ सेंटिमीटर घ्यायचा तो यासाठी. उलट व्हिक्टोरिया सरोवर खचदरीत नाही. ते दोन शाखांच्या मधल्या उथळ खोलगटात आहे आणि जेमतेम ८० मीटर खोल आहे. तिथं बोटानं नुसतं दाबायचं. ते खड्ड्यासारखं खणणं ही नेहमीची चूक.

नद्या सुईनं आखून मग चमच्याच्या दांड्यानं कोरा. नायजरकडे नीट लक्ष द्या. ती गिनीच्या डोंगरात, अटलांटिकपासून १२ सेंटिमीटरवर उगवते, पण समुद्राकडे पाठ करून ईशान्येला जाते, टिंबक्टूजवळ वळण घेते आणि मग गिनीच्या आखातात उतरते. काँगो विषुववृत्त दोनदा ओलांडते; लाल सुतळीशी ताडून पाहा. शेवटी ती पठारावरून धबधब्यांनी उतरते, त्यामुळे समुद्रातली जहाजं आत फार दूर जाऊ शकत नाहीत. दाभोळ-राजापूरच्या खाड्यांनी गलबतं आत घेतली, तसं इथं झालं नाही. सारवण सुकल्यावर व्हिक्टोरियातून करवंटीनं हळू पाणी सोडा. ते उत्तरेला निघालं की पातळी बरोबर आहे.

जमिनीचं आवरण मातीच्याच वस्तूंचं करावं, रंग टाळावेत. सहारा २.२५ चौरस मीटर भरतो. त्यावर सगळीकडे पुळणीची वाळू पसरू नका. वाळूच्या टेकड्या साधारण चौथ्या हिश्शातच आहेत, उरलेलं खडक आणि खडे. तिथं जांभ्याची बारीक खडी घाला. दक्षिणेला बारीक चिरलेला पेंढा, आधी विरळ, मग दाट: आधी साहेल, मग गवताळ सव्हाना. काँगोच्या खोऱ्यात आणि गिनीच्या किनाऱ्याला हिरवी रांगोळी. विषुववृत्ताच्या खाली हाच क्रम उलटा येतो, शेवटी कलाहारी आणि नामिब.

देशांच्या सीमा सर्वांत शेवटी, पांढऱ्या दोऱ्यानं. १८८४-८५च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास युरोपीय सत्तांनी खंड वाटून घेतला. उठावावर दोरा ठेवला की सरळ रेषा डोंगर, नदी, माणूस काहीच न बघता कशा ओढल्या गेल्या ते दिसतं.

मग माणसं. एक कुळीथ म्हणजे १० लाख लोक; सगळ्या खंडाला साधारण १,५०० दाणे लागतात. इजिप्तचे ११० मोजून द्या आणि ते नाईलच्या काठी व त्रिभुज प्रदेशात ठेवायला सांगा. तो त्रिभुज प्रदेश ८ गुणिले १२ सेंटिमीटर आहे, दाणे एकमेकांवर चढतात. रवांडा ८ सेंटिमीटरच्या चौकोनाएवढा, त्यात १४. नामिबिया ४५ सेंटिमीटरच्या चौकोनाएवढा, आणि त्यात फक्त ३. रवांडा उंचावर, थंड आणि पावसाचा. नामिबियाचा किनारा वाळवंटाचा. कारण मुलांनाच शोधू द्या, उत्तर त्यांच्यासमोर मातीत आहे.

चौकटीच्या उजव्या कडेबाहेर ७३ सेंटिमीटर आणि विषुववृत्ताच्या वर ९३ सेंटिमीटर मोजून एक चिऱ्याचा तुकडा ठेवा. ती रत्नागिरी. तिथून डावीकडे सरळ सुतळी धरली तर ती जवळपास टिंबक्टूवरून जाते: अक्षांश तोच, पण इकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिकडे दोनशेच्या. दुसरी सुतळी मोंबासाला न्या. ती सुमारे २.२ मीटर भरते. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचे वारे शिडाची गलबतं याच दिशेनं नेत, आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की ती परतत. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेकडूनच या समुद्रावरून आले. या सुतळीला मधे कुठंही खुंटी लावू नका, सैल राहू द्या.