कॉर्टाडो बिघडतो तो बहुधा दुधापाशी

टपरीवरचं 'कटिंग' आणि स्पेनमधला 'कॉर्टाडो', दोन्ही नावांच्या मुळाशी कापणंच आहे. कटिंगमध्ये चहा अर्धा होतो, कॉर्टाडोत कॉफीचा कडकपणा. जितका एस्प्रेसो (मशीनच्या दाबाने काढलेली थोडीशी कडक कॉफी), साधारण तितकंच गरम दूध: 30 मिलीला 30, दुहेरी शॉट, म्हणजे दुप्पट एस्प्रेसो, असेल तर 60 ला 60. एवढ्या सोप्या हिशोबात गडबड कुठे होते?

सर्वांत आधी मगात. घरातल्या मोठ्या मगाच्या तळाशी 60 मिली कॉफी केविलवाणी दिसते, मग हात सैल सुटतो आणि नकळत लाटे, म्हणजे भरपूर दुधाची कॉफी, तयार होतो. 120-130 मिलीचा ग्लास घ्या. कटिंगचा ग्लास उत्तम. सॅन फ्रान्सिस्कोत तर या पेयाला ग्लासाचंच नाव पडलं. लिबी कंपनीच्या 'जिब्राल्टर' नावाच्या छोट्या ग्लासात ते देत, म्हणून पेयही जिब्राल्टर.

आता दूध. आपल्याकडे दूध तापवणं म्हणजे ते वर येईपर्यंत गॅसपाशी उभं राहणं. चहासाठी ठीक, इथे घात. 55 ते 60 अंशांना दूध गोडसर लागतं. 70 च्या पुढे गेलं की शिजल्याचा वास येतो आणि तोच कॉफीवर बसतो. थर्मामीटर नसेल तर भांड्याला बाहेरून तळहात लावा. दोन-तीन सेकंदांत हात काढावासा वाटला की गॅस बंद. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध फ्रिजमध्ये नीट ठेवलेलं असेल तर पुन्हा उकळायची गरजही नसते. आधीच उकळलेलं वापरणार असाल तर निदान साय गाळून घ्या, एवढ्याशा ग्लासात तिचा एक तुकडाही ओठाला चिकटतो.

फुल क्रीममध्ये 6 टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये 3. मला इथे टोन्ड किंवा गायीचंच दूध आवडतं. फुल क्रीमने कॉर्टाडो दाट होतो खरा, पण जिभेवर तुपकट थर राहतो आणि कॉफी हरवते. फेसाचा सोसही नको. मशीनची वाफेची नळी दुधाच्या पृष्ठभागाशी एक-दोन सेकंद धरा, मग आत बुडवा. मशीन नसेल तर पातेल्यात नुसतं कोमट-गरम केलेलं दूधही चालतं. वर फेसाचा डोंगर आला तर तो कॅपुचिनोचा धाकटा भाऊ झाला.

चव बिघडली की लोक आणखी दूध ओततात. तसं करू नका. पुढच्या वेळी दूध घालण्याआधी एस्प्रेसोचा एक घोट घ्या. आंबट, पाणचट असेल तर पाणी पटकन निघून गेलंय. पूड बारीक दळा. घशाला लागेल इतका कडू असेल तर जाड. सुरुवातीला 18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी, हे माप धरा. लाटेत वाईट शॉट लपतो, इथे दूधच इतकं थोडं की लपायला जागा नाही.

मोका पॉटमध्ये, म्हणजे गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यात, एस्प्रेसोइतका दाब तयार होत नाही, म्हणून कॉफी पातळ उतरते. तिथे समसमान माप चालवू नका, 60 मिलीला 40 मिली दूध पुरे. गुरगुर सुरू होताच भांडं आचेवरून उतरवा, नाहीतर शेवटचं जळकं पाणी सगळ्यात मिसळतं. साखर घालून फेटलेली इन्स्टंट कॉफी मलाही आवडते, पण तो कॉर्टाडो नव्हे.

साखरेवरून मात्र कुणाला नावं ठेवू नका. कॅनरी बेटांवर तर तळाशी चक्क कंडेन्स्ड मिल्क घालून वर कॉफी आणि साधं दूध घेतात. त्याला 'लेचे इ लेचे', म्हणजे दूध आणि दूध, म्हणतात.

आणि ग्लास आधी गरम पाण्याने विसळून घ्या. पेय चार-पाच घोटांचं, गार काचेत पहिल्या घोटापर्यंतच निवतं.