शीडनौकानयन शिकवण्यासाठी लहान लाकडी होडी कशी निवडावी

होडी निवडताना आधी शिकणाऱ्याचे वजन पाहावे आणि मगच होडीची लांबी ठरवावी. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट हा प्रकार मला आजही सर्वांत योग्य वाटतो. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात आखलेली ही होडी जेमतेम २.३६ मीटर लांब आहे, शीड-डोलकाठी सोडून नुसत्या होडीचे वजन सुमारे ३५ किलो भरते आणि एकच शीड असल्याने मुलाचे लक्ष विभागले जात नाही. मोठ्या मुलाला सोबत घेऊन शिकवायचे असेल, तर १९६२ मधील मिरर ही प्लायवूडची, पुढे छोटे जिब शीड असलेली ३.३ मीटरची होडी घ्यावी.

होडी हलकी असावी, कारण जड होडी चुका झाकते. पुण्याजवळचे खडकवासला, पानशेत आणि मुळशी हे तिन्ही जलाशय डोंगरांनी वेढलेले असल्यामुळे तिथे वारा झोतांनी येतो आणि दिशा बदलतो. हलकी होडी तो बदल सुकाणूच्या दांड्यातून लगेच हाताला कळवते, आणि शिकणाऱ्याला नेमके हेच समजायला हवे असते.

लाकडाबाबत पुण्याच्या हवेचा विचार करावाच लागतो. फळ्या जोडून केलेली पारंपरिक होडी दिसायला देखणी असते, पण ती सतत पाण्यात राहिली तरच नीट टिकते. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आवारात उभी राहिली, की फळ्या आकसून सांधे उघडतात. वापरानंतर पाण्याबाहेर काढून ठेवायच्या होडीसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन (पाण्यात टिकणारे) प्लायवूड, इपॉक्सी या पक्क्या चिकटद्रव्याने जोडलेले आणि कडांपर्यंत नीट मुरवलेले, अधिक भरवशाचे असते.

जुनी होडी घेताना मात्र घाई अजिबात करू नये. मी एकदा चकचकीत रंगाला भुलून एक ऑप्टिमिस्ट विकत घेतली. डॅगरबोर्ड (होडी वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात खाली सोडायची फळी) ज्या खाचेतून खाली जातो, तिच्या तळाशी दाभण टेकवले, तेव्हा ते ओल्या पुठ्ठ्यात शिरावे तसे बोटभर आत गेले आणि टोकाला काळपट भुसा चिकटून आला. तेव्हापासून मी विकणाऱ्याची परवानगी घेऊन खाच, डोलकाठीचे बूड आणि सुकाणू अडकवण्याची मागची फळी या तीन जागा दाभणाने तपासतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळावर ठोकत गेल्यास निरोगी लाकूड टणक, स्वच्छ वाजते आणि कुजलेली जागा बद्द वाजते. होडी वजनकाट्यावर ठेवणेही आवश्यक आहे; ठरलेल्या वजनापेक्षा पाच-सहा किलो जास्त भरली, तर लाकडाने पाणी धरले आहे किंवा रंगाच्या थरांखाली बरीच डागडुजी दडली आहे, असे समजावे.

व्यवहार ठरण्यापूर्वी, आवश्यक परवानगी घेऊन, लाइफ जॅकेट घालून, काठाजवळच्या पाण्यात होडी मुद्दाम उलटी करावी. होडी तरंगत राहावी म्हणून आत बांधलेल्या हवेच्या पिशव्या पट्ट्यांतून सुटतात का, हे पाहावे. त्यानंतर जो मुलगा किंवा जी मुलगी ती चालवणार आहे, तिने स्वतः डॅगरबोर्डवर उभे राहून होडी सरळ करावी, आत चढावे आणि दोरीने बांधलेल्या डब्याने पाणी उपसावे. मोठ्यांनी हात लावल्याशिवाय हे जमले नाही, तर ती होडी त्या मुलासाठी घेऊ नये.