दिवस गेल्यावर फेर कसा धरावा

पहिल्या खेपेला मला सहावा महिना होता आणि नागपंचमीला मी परभणीला माहेरी होते. दारापुढं बाया जमल्या, फेर सुरू झाला आणि चुलतबहिणीनं फुगडीसाठी हात पुढं केले. मी पदर खोचलाही होता. तेवढ्यात आत्या ओसरीवरून ओरडली, "फुगडी नको गं माय! फेरात ये. नाच, पण पाय भुईला ठेवून नाच." तेव्हापासून बाळंत होईपर्यंत मी घरातल्या घरात तसाच फेर धरला. नाचायची आवड असलेल्या बाईनं दिवस गेले म्हणून नऊ महिने बसून काढावेत, असं मला अजिबात वाटत नाही. फक्त रीत बदलावी लागते.

आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारायला लाजू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी सरळ विचारायचं, "मी हळू नाचले तर चालेल का?" वार (प्लासेंटा) खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, अंगावरून रक्त जात असेल, मुदतीआधी कळा येत असतील, रक्तदाब वाढला असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर नाच बाजूला ठेवा. जुळं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. हिमोग्लोबिनही बघा. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेलं म्हणजे रक्त कमी, आणि 7 च्या खाली असेल तर आधी उपचार, नाच नंतर. लोहाच्या गोळ्या चुकवू नका आणि चहासोबत तर मुळीच घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही.

मग वेळ आणि जागा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि पोटात बाळ असताना अंग फार तापू देणं बरं नाही. पत्र्याची खोली तर संध्याकाळीही भट्टीसारखी असते, म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका. शहाबादी फरशी असेल तर ती कोरडी पाहिजे. पुसून लगेच नाचायला उभं राहू नका. साडीच्या निऱ्या पायात येतात, त्यापेक्षा सैल सलवार-कमीज बरी. उपाशीपोटी नाचायचं नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास धरला असेल तर त्या दिवशी फेर राहू द्या. जेवण झालं असेल तर तासभर थांबा. माठातल्या पाण्याचा तांब्या जवळ ठेवा आणि मधूनमधून घोट घ्या.

आता खरा फेर. पाच मिनिटं अंगणात चाला, खांदे मागं फिरवा, एका हातानं भिंत धरून घोटे गोल फिरवा. मग पाय खांद्याइतके लांब ठेवून उभं राहा, गुडघे किंचित सैल. पोट वाढलं की अंगाचा भार पुढं सरकतो आणि कमर आत वळते, म्हणून पाठ सरळ आहे ना हे पुन्हा पुन्हा बघा. एरवी फेरात आपण कमरेत वाकून टाळी देतो. ते वाकणं सोडा, टाळी छातीसमोर द्या.

उजवा पाय बाजूला टाका, तो नीट टेकला की डावा त्याच्याजवळ आणा, टाळी. अशी चार पावलं उजवीकडं, चार डावीकडं. पाय घोट्याइतकाच उचला. गिरकी नाही, उडी नाही, झटका नाही. या दिवसांत शरीरातल्या संप्रेरकांमुळं सांधे सैल झालेले असतात, त्यामुळं एरवी सहज जमणारी गिरकीसुद्धा कमरेत किंवा जांघेत भरते. तोल वाटेना तर खुर्चीची पाठ धरा. हे जमलं की वारकऱ्यांची पावली घ्या: दोन पावलं पुढं, एक मागं, तेही संथ. हात वर केल्यानं बाळाच्या गळ्याला नाळ अडकते असं घरोघरी सांगतात. त्यात तथ्य नाही, नाळ अडकते ती बाळाच्या स्वतःच्या हालचालीनं. हात वर न्या, घेरी आली तर खाली घ्या.

किती जोर लावायचा याचं माप गाण्यातच आहे. सगळं गाणं आरामात म्हणता येत असेल तर चाल हलकी आहे, थोडी वाढवली तरी चालेल. गाणं तुटतंय पण शेजारणीशी बोलता येतंय, ही चाल बरोबर. बोलतानाच धाप लागली तर थांबा. सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि हळूहळू वीस-तीस मिनिटांवर जा. जागतिक आरोग्य संघटना गरोदर बायांना आठवड्याला 150 मिनिटं मध्यम हालचाल सांगते, ती तुकड्या-तुकड्यांनी केली तरी चालते. शेवटी एकदम थांबू नका, दोन-चार मिनिटं चालून मग बसा.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ आणि थकवा असेल तर अंगावर ओढू नका. चौथा ते सहावा महिना नाचायला सगळ्यात चांगला. त्यानंतर खुर्चीवर बसून नुसत्या हातांनी आणि टाचांनी ताल धरला तरी पुरे. नवरात्रातल्या दांडियात मात्र गर्दीचा धक्का लागतो, तिथं बसून टाळ्या द्या.

नाचताना रक्त गेलं, पाणी गेलं, पोट ठरावीक वेळानं आवळून दुखू लागलं, छातीत दुखलं, चक्कर आली, डोकं जोरात दुखलं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा. गाडीसाठी 102 किंवा 108 लावा.

एक गोष्ट घरातल्या माणसांसाठी. दिवसभर उन्हात कापूस वेचून किंवा ऊस तोडून आलेल्या बाईला "थोडं नाच, बाळंतपण सोपं जाईल" असं सांगू नका. तिच्या अंगाला हालचाल पुरेपूर झालेली असते, तीही वाकून आणि ओझं उचलून. तिला खांदे मोकळे करायला पाच मिनिटं द्या आणि डाव्या कुशीवर पडू द्या. त्या रात्रीच्या भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापाव्यात.