साठीनंतर बॉलिंगचा बॉल किती पाउंडाचा घ्यायचा?

आपल्या जळगाव-भुसावळ-धुळ्याकडची बरीच मंडळी रिटायर झाली की वर्षातले दोन-तीन महिने पुण्या-मुंबईला पोरांकडे असतात, त्यात मे महिना तर असतोच कारण इकडे पारा ४५ ला टेकलेला असतो, आणि मग एखाद्या रविवारी नातवंडं हट्ट करून मॉलमधल्या बॉलिंगला, म्हणजे लांब पट्टीवरून (तिला लेन म्हणतात) जड बॉल घरंगळत सोडून टोकाच्या दहा पिना पाडायच्या खेळाला, घेऊन जातात. जावंच. साठी-सत्तरीच्या माणसाला झेपेल असा हा खेळ आहे, पळापळ नाही, कोणी अंगावर येत नाही, एसीत चार घटका मजेत जातात. फक्त बॉल कोणता उचलायचा ते नीट समजून घ्या, कारण दुसऱ्या दिवशी खांदा, मनगट नाहीतर अंगठा धरून बसलेले जे आबा-नाना दिसतात ना त्यातल्या बहुतेकांनी वजनदार बॉल घेतलेला असतो.

आधी साधं गणित. बॉलवर जो आकडा लिहिलेला असतो ते त्याचं पाउंडातलं वजन. ८ म्हणजे साधारण ३.६ किलो, १० म्हणजे साडेचार, १२ म्हणजे ५.४, १४ म्हणजे ६.३५ आणि १६ म्हणजे सव्वासात किलो. १६ च्या वर नियमातच बॉल नाही. रंगावर जाऊ नका, रंग प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, आकडा वाचा.

आता तुम्हाला कोणीतरी सांगणार की आपल्या वजनाच्या दहा टक्के बॉल घ्यायचा. हा नियम खूप जुना आणि खूप ऐकलेला आहे पण आपल्या वयाला तो लावू नका. ७० किलोच्या माणसाला या हिशोबानं ७ किलोचा बॉल येतो, म्हणजे १५ पाउंडाच्या वर, आणि ज्यानं जन्मात कधी बॉलिंग केलेलं नाही अशा पासष्ट वर्षाच्या माणसानं तो भोकांत घातलेल्या तीन बोटांवर धरून झुलवायचा? नाही भो. पोटाचा घेर वाढला म्हणून मनगटाची ताकद वाढत नाही, आणि पन्नाशी-साठीनंतर तर स्नायू हळूहळू कमीच होत जातात, वजन काटा तेवढंच दाखवत असला तरी.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा खेळणाऱ्या साठीपुढच्या पुरुषानं १० पाउंडापासून सुरुवात करावी, बाईनं ८ पासून, आणि मग हाताला काय वाटतं ते बघून एकेक पाउंड वर किंवा खाली जावं. हात धडधाकट असेल, शेतात अजून राबत असाल तर १२ पर्यंत जाता येईल. त्याच्या वर जायची घाई नको.

हलका बॉल घेतला तर पिन पडणार नाहीत ही भीती सगळ्यांना असते, त्यात थोडं तथ्य आहे पण थोडंच. एक पिन साधारण दीड किलोची, फार तर १.६ किलो, म्हणजे १० पाउंडाचा बॉलसुद्धा तिच्या पावणेतीन-तीन पट वजनाचा झाला, एक पिन त्याला अडवू शकत नाही. फरक पडतो तो बॉल वळण्यात, हलका बॉल पहिल्या पिनला धडकला की जास्त बाजूला सरकतो आणि मागच्या पिना उभ्या राहतात, जड बॉल सरळ घुसत जातो. पण हे कधी, तर दोन्ही बॉल सारख्याच वेगानं आणि सारख्याच जागी गेले तर. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना जी ओलांडायची नाही त्या रेघेपासून, पहिली पिन ६० फुटांवर असते, तिथपर्यंत जड बॉल रडतखडत गेला आणि भलतीकडेच लागला तर त्या वजनाचा काय उपयोग? सगळ्यात पुढची पिन १ नंबरची, तिच्या मागं डावीकडं २ आणि उजवीकडं ३. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं १ आणि ३ नंबरच्या पिनच्या मधल्या फटीत बॉल टाकायचा, डावखुऱ्यानं १ आणि २ च्या मधे, आणि ती फट ज्या वजनानं वारंवार सापडते ते तुमचं वजन.

वारंवार हा शब्द महत्वाचा आहे. एका गेममधे ११ पासून २१ पर्यंत कितीही वेळा बॉल टाकावा लागतो, नवीन माणसाचे अठरा-वीस होतातच, तीन गेम खेळले तर पन्नास धरा. १४ पाउंडाचा बॉल पन्नास वेळा उचलला म्हणजे तीन क्विंटलच्या वर माल उचलला, १० चा घेतला तर सव्वादोन क्विंटल. क्विंटलभराचा फरक आहे हा, आणि तोही एकाच हाताच्या खांद्यावर. म्हणून पहिला बॉल टाकताना काय वाटलं यावर ठरवू नका, पहिल्या बॉलला सगळेच पहिलवान असतात, तिसऱ्या गेमच्या शेवटी हात तसाच सैल झुलतोय का ते बघा.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर मजबूत कापडी पिशवीत साडेचार किलो दादर ज्वारी किंवा गहू भरा, काट्यावर मोजून. ती हातात लोंबकळत सोडा, खांदा वर न उचलता, कोपर न वाकवता हळूच मागेपुढे झुलवा, दहा-बारा वेळा. श्वास रोखावा लागला, एका बाजूला झुकावं लागलं किंवा मूठ आवळून हात थरथरायला लागला की एक-एक किलो काढत चला. बॉल पिशवीपेक्षा जड वाटतो बरं का, कारण पिशवीला कडी असते आणि बॉल बोटांवर असतो, तर पिशवीत जेवढं सहज जमलं त्यापेक्षा एक पाउंड कमीच धरा.

आता भोकांचं, यात फार लोक फसतात. मॉलमधल्या बॉलची भोकं वजनाप्रमाणे लहान-मोठी केलेली असतात, हलक्या बॉलची लहान कारण ते पोरांसाठी म्हणून ठेवलेले, जड बॉलची मोठी. आपल्याकडच्या शेतात, वर्कशॉपात काम केलेल्या माणसांची बोटं जाड, वयानुसार पेरं सुजलेली, मग ८-१० पाउंडाच्या बॉलमधे अंगठा जातच नाही आणि माणूस गुपचूप १४ चा उचलतो, तिथं अंगठा बसतो म्हणून. तसं करू नका. दुसऱ्या लेनच्या रॅकवर जाऊन बघा, सारख्याच वजनाच्या बॉलची भोकं सगळीकडे सारखी नसतात, काउंटरवरच्या पोराला सांगा की दादा मोठ्या भोकाचा हलका बॉल दे, असला तर शोधून देतात.

अंगठा मुळापर्यंत आत जायला पाहिजे आणि कडांना हलकासा घासत सहज बाहेर यायला पाहिजे. अडकत असेल तर सोडताना बॉल अंगठ्याला ओढत नेतो, सांधा दुखावतो. सैल असेल तर तुम्ही नकळत आवळून धरणार आणि १० चा बॉल १३ सारखा वाटणार, कोपरापर्यंत कळ जाते ती यानंच. मग अंगठा आत ठेवून मधलं बोट आणि अनामिका भोकांवर आडवी ठेवा, मधल्या पेराची रेघ भोकाच्या आतल्या काठाच्या पाव इंचभर पुढं यायला हवी. तळहात आणि बॉलच्या मधे एक पेन्सिल सरकली की झालं. अंगठी काढून खिशात टाका, खेळता खेळता बोटं फुगतात. मावश्यांना अंगठ्याच्या मुळाशी दुखण्याचा त्रास बऱ्याचदा असतो, त्यांनी तर वजनाआधी भोक बघावं.

लेनवर बॉल जड झाल्याची खूण ओळखायला सोपी आहे. बॉल लाइनजवळ धपकन पडतो, मनगट मागं मोडतं, बॉलच्या बाजूचा खांदा खाली जातो, सोडल्यावर तोल जाऊन दोन पावलं बाजूला पडतात. स्क्रीनवर वेग दिसत असेल तर तो बघत चला, थोडं कमीजास्त चालतं पण गेममागून गेम घसरतच चालला तर एक पाउंड कमी करा, मधेच बदलायला काही हरकत नसते. फार हलका बॉलही बरा नाही, तो हातात आला की माणूस झुलवायचं सोडून फेकायला लागतो, हात डोक्याच्या वर जातो, बॉल आडवा पळतो आणि खांद्याला हिसका बसतो.

आधीपासून खेळणारे असतील, कामानिमित्त मुंबईला राहून खेळलेले आणि १५-१६ ची सवय असलेले, त्यांनी एकदम चार पाउंड उतरू नये, चालण्याचा आणि हाताचा जो ताल बसलेला असतो तो बिघडतो. एक पाउंड उतरा, काही दिवस खेळा, मग पुढचा. अशा माणसानं शक्य असेल तर स्वतःच्या हाताच्या मापानं भोकं पाडून घेतलेला बॉल घ्यावा, मापाचा बॉल त्याच वजनाच्या भाड्याच्या बॉलपेक्षा एक-दोन पाउंड हलकाच वाटतो.

टाकलेला बॉल परत येऊन ज्या रॅकवर थांबतो तिथून तो बोटं भोकात घालून एका हातानं कधी उचलू नका. दोन्ही हात बॉलच्या बाजूंना लावा, येणाऱ्या बॉलच्या दिशेला हात नको, दोन बॉलमधे बोट चिमटलं तर वाईट लागतं. गुडघ्यात वाकून छातीजवळ घ्या, वजन रिकाम्या हातावर ठेवा, बोटं सगळ्यात शेवटी घाला.

बीपी असेल तर बॉल टाकताना श्वास रोखू नका. मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत कोणताच बॉल नको, ६ चासुद्धा. शुगरवाल्यांचा खांदा जाम होतो तो पूर्ण सुटलेला नसेल तर झुलवण्याच्या भानगडीत पडू नका, पोरांसाठी लोखंडी नळ्यांची घसरगुंडी ठेवलेली असते तिच्यावर बॉल ठेवून ढकला, ती मोठ्यांनाही देतात, वर ठेवताना नातवाला हात लावायला सांगा, नेम साधायची मजा तेवढीच येते.