दुधाची पिशवी सावकाश ओढून पाहा

आठवीला मी हा प्रयोग पूर्वी कॅरीबॅगवर करून घ्यायचे. २०१८ मध्ये बंदी आली, तेव्हापासून दुधाची पिशवी. धुवा, कोरडी करा आणि कात्रीने सेंटिमीटरभर रुंद, बोटाएवढ्या लांब पट्ट्या कापा. काही उभ्या, काही आडव्या. कड मात्र गुळगुळीत हवी. एकाने घाईत ब्लेड चालवलं, कडेला खाच राहिली, पट्टी ओढताच टर्रकन फाटली. सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो. पिशवी नुसती ओढली की ताणतच राहते, दाताने जरा कुरतडली की सरळ फाटते, ते याचमुळे.

आता पट्टी दोन्ही चिमटीत धरा आणि मनात वीस मोजत ओढा. मध्येच एके जागी ती निमुळती होईल आणि ओढाल तसा तो निमुळता भाग दोन्हीकडे पसरत जाईल. पॉलिथिनचे रेणू म्हणजे कार्बनच्या हजारो अणूंच्या माळा, शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. सावकाश ओढलं की त्यांना उलगडायला, एकमेकींवरून घसरायला सवड मिळते. सोडलं तरी पट्टी पहिल्यासारखी आखूड होत नाही. निमुळता भाग आता जास्त चिवट लागेल, कारण माळा ओढीच्या दिशेने रांगेत आल्या. नायलॉनच्या धाग्याला बळकटी येते ती अशाच खेचण्याने.

दुसरी पट्टी हिसका देऊन ओढा. बहुधा थोडकीच ताणून तुटेल. उभी आणि आडवी पट्टीही सारखी वागणार नाही; कारखान्यात फिल्म फुगवून ओढतानाच माळांना थोडी दिशा मिळालेली असते.

घसरायला वाव नसेल तर माळ स्वतःच तुटते. १८२० मध्ये लंडनच्या थॉमस हॅनकॉकने कच्चं रबर दातेरी रुळात पिळवटलं. चिंध्या होतील असं वाटलं होतं, निघाला मऊ गोळा. यंत्र गुप्त राहावं म्हणून त्याने त्याला ‘लोणचं’ म्हणायला सुरुवात केली! माळा तुटून आखूड झाल्याने रबर मऊ पडतं, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगरने १९३०च्या दशकात मांडलं.

रबरबँडच्या माळांना मात्र गंधकाचे पूल बांधून ठेवतात, म्हणून तो परत येतो. रुंद रबरबँड झटकन तिप्पट ताणून लगेच वरच्या ओठाला टेकवा: कोमट. ताणलेलाच दहा सेकंद हवेत धरा, सैल सोडा, पुन्हा टेकवा: गार. तुटेपर्यंत ताणायचा असेल तर ओठापासून लांब, आणि चष्मा लावून.