लायसन्स जुनं, कायदा नवा: गाडी चालवणाऱ्यांनो, या चुका टाळा

आपल्यापैकी बहुतेकांचं वाहतूक कायद्याचं ज्ञान लायसन्स काढलं त्या दिवशी थांबतं. आठचा आकडा काढून दाखवला, कार्ड हातात आलं, की पुढची वीस वर्षं तेच नियम डोक्यात. दरम्यान १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून तिच्यातल्या बऱ्याच तरतुदी लागू झाल्या. मुद्दाम नियम मोडणाऱ्यांबद्दल मला इथे काही सांगायचं नाही. आपण नियमातच आहोत अशा समजुतीत राहून फसणारी साधी माणसं मी फार बघितली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

व्हॉट्सॲपवरचा दंडाचा तक्ता खरा मानणे

दर काही महिन्यांनी एक तक्ता फिरतो: हेल्मेट नसेल तर इतके, सिग्नल तोडला तर इतके. तो कुठल्या राज्याचा, कुठल्या वर्षाचा, याचा त्यात पत्ता नसतो. मोटार वाहनं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यात केंद्र आणि राज्य दोघांचाही अधिकार चालतो. कायदा संसदेचा, पण जागेवर घ्यायची रक्कम, म्हणजे तडजोड शुल्क, कलम २०० प्रमाणे राज्य सरकार ठरवतं. म्हणून एकाच गुन्ह्याची पावती गुजरातेत वेगळी आणि कोल्हापुरात वेगळी असू शकते. २०१९ मध्ये केंद्राने दंड वाढवले तेव्हा गुजरातने ते लगेच कमी केले. महाराष्ट्राने ते लागूच केले नाहीत, तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचार करायला सांगितलं. आपल्याकडे नवे दर आले ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये. त्यात विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० वर गेला.

मधल्या दोन वर्षांत "महाराष्ट्रात नवा कायदा नाही" असं जे डोक्यात बसलं, ते काहींच्या डोक्यातून अजून निघालेलं नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: दारू पिऊन गाडी चालवणं (कलम १८५) या तडजोडीत बसत नाही. ते प्रकरण कोर्टातच जातं. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावर "साहेब, इथेच मिटवा" म्हणण्यात काही अर्थ नाही.

लायसन्स संपल्यावर महिनाभर चालतं, असं समजणे

हा समज एके काळी बरोबर होता. जुन्या कायद्यात मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ते वाक्यच काढून टाकलं. आता मुदत ज्या तारखेला संपते, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही विनालायसन्स. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवू शकते. समोरच्याला दिलेली भरपाईही नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते.

बदल्यात कायद्याने सोयही दिली आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी वर्षभर करता येतो. संपल्यानंतरही वर्षभर करता येतो, पण अर्ज मंजूर होईपर्यंत गाडी चालवायची नाही. वर्ष उलटलं की पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा द्यावी लागते. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती, त्यामुळे परदेशातून चार-पाच वर्षांनी परतलेली मंडळी इथे हमखास अडकतात. सुट्टीवर आलात तर तारीख बघूनच परत जा.

मुदतीचं गणितही बदललं आहे. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नास वयात काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलं तर साठीपर्यंत, त्यापुढे पाच-पाच वर्षं. "वीस वर्षांचं असतं" हे वडिलांचं वाक्य विसरा आणि कार्डावरची तारीख वाचा. चाळिशीनंतर डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं १-अ प्रमाणपत्रही लागतं.

गाडी विकली, किल्ली दिली, विषय संपला

या चुकीवर मी जरा थांबणार आहे, कारण हिच्याइतकी महागात पडणारी दुसरी नाही.

आमच्या घरातली जुनी स्कूटर ओळखीतल्या एका एजंटाला दिली होती. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, पैसे घेतले, एजंट म्हणाला, "पंधरा दिवसांत नावावर होईल." आम्ही निर्धास्त. दीड वर्षाने आमच्या नावावर चलन आलं, ज्या गावात आम्ही कधी पाऊल ठेवलं नाही तिथलं. फोटोत तीच स्कूटर, तिघं बसलेले. एजंटाने कोऱ्या फॉर्मसकट गाडी पुढे विकली होती, त्या माणसाने आणखी पुढे. आमचं नशीब की ते ट्रिपल सीटचं चलन होतं, अपघाताचं समन्स नव्हतं.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर ज्याचं नाव, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, आरटीओच्या नोंदीत मात्र पहिलाच माणूस. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावर ठेवली गेली. ज्याच्यावर अपघाताने आघात झाला त्याने खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरावं, हे कायद्याला मान्य नाही. मला हा निकाल योग्यच वाटतो.

कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. म्हणजे कळवणं हे विकणाऱ्याचंही काम आहे, एजंटावर सोपवून मोकळं होता येत नाही. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, वेळ लिहूनच सही करा. त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि किल्ली दिल्याची पोच घ्या. महिन्याने परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघा.

आधीच फसला असाल तर? घेणाऱ्याला आणि एजंटाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा, विक्रीच्या कागदांसह आरटीओत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या, आणि गाडी कुठे आहे याचा पत्ताच नसेल तर पोलीस ठाण्यातही अर्ज द्या. याने जबाबदारी पूर्ण टळेलच असं नाही, पण उद्या कोर्टात उभं राहावं लागलं तर तारखेनिशी कागद हातात असतो.

"सोळाचा झालाय, क्लासला गाडी नेऊ दे"

दहावी-अकरावीच्या मुलांच्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, हा भाग वाचा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आज दुकानात मिळणारी नेहमीची स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते. म्हणजे सोळाव्या वर्षीचं लायसन्स खिशात असलं तरी ती स्कूटर चालवणं बेकायदाच. विजेवरच्या गाड्यांतही तेच. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी गाडीच कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. त्याहून वेगवान ई-स्कूटरला नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं. दुकानदार "हिला काही लागत नाही" म्हणाला तर वेग आणि वॉट कागदावर लिहून मागा.

२०१९ मध्ये आलेलं कलम १९९-अ सांगतं की अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं. किल्ली आपणच दिली असेल तर ते कसं सिद्ध करणार? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय घडलं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं, अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. त्यानंतरही मला सकाळी सात वाजता क्लासबाहेर स्कूटरींच्या रांगा दिसतात.

हेल्मेट फक्त पुढच्याचं

कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना सूट आहे. मागे बसलेली आई, बायको, मुलगी, सगळ्यांना हेल्मेट. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून सुरक्षा पट्टा, छोटं हेल्मेट आणि ताशी ४० चा कमाल वेग असा नियम आहे. कारमध्ये मागच्या सीटवरचा पट्टाही बंधनकारक आहे.

कागदांचा फोटो दाखवणे

गॅलरीतला आरसीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट म्हणजे कागदपत्र नव्हे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये उघडलेली प्रत मूळ कागदासारखीच ग्राह्य आहे. घाटात रेंज जाते, म्हणून निघण्यापूर्वी एकदा ॲप उघडून बघा.

चलन आलंच नाही, असं समजणे

चलनाचा मेसेज आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. गाडी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकला असेल किंवा तुम्ही नंबर बदलला असेल, तर चलनं साचत राहतात आणि लोकअदालतीची नोटीस आल्यावर जाग येते. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर बदलून घ्या. महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून अधूनमधून चलनं तपासा. चलनासोबतचा फोटो बघायला विसरू नका. एखादा अंक चुकीचा वाचला गेल्याने दुसऱ्याच्या गाडीचं चलन तुमच्या नावावर आलं असेल, तर त्याच ॲपमध्ये तक्रार करता येते.

उलट, व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर तिला हातही लावू नका. ती उघडून बँक खाती रिकामी झालेली माणसं आहेत. चलनाची खातरजमा अधिकृत सरकारी संकेतस्थळावरच करा.

नंबर प्लेट कोपऱ्यावरच्या दुकानातून

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बंधनकारक आहे. महाराष्ट्रात पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची होती, ती अनेकदा वाढली, आणि "अजून वाढेल" म्हणत बसलेल्यांची नाव बदलणं, कर्जाचा बोजा उतरवणं अशी आरटीओतली कामं अडली. दर ठरलेले आहेत: जीएसटी वगळून दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये. याहून बरेच जास्त मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बनावट समजा आणि राज्याच्या परिवहन विभागाच्या पानावरूनच बुकिंग करा. तशीच दिसणारी रंगवलेली प्लेट चालत नाही, तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक नसतो.

"पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे की!"

सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी पाच वर्षांच्या आणि नवी कार तीन वर्षांच्या थर्ड पार्टी विम्यासह विकली जाते. ती मुदत फक्त समोरच्याच्या नुकसानीसाठी. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा छापलेल्या असतात, पण लोक फक्त लांबची वाचतात. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यांच्याच शेजारी पीयूसीची तारीखही लिहा.