मत देण्याआधी कागद बघा: कोल्हापुरात हमखास होणाऱ्या चुका

कोल्हापुरात मताचा हिशेब बऱ्याचदा 'आपला गट कुठला' इथे सुरू होतो आणि तिथेच मिटतो. दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक, महापालिका, विधानसभा, सगळीकडे तीच नावं आणि तीच भांडणं. दूध संघाला ज्याला मत दिलं, त्याच्याच माणसाला प्रभागातही मत पडतं. गल्लीतलं तुंबलेलं गटर मात्र दोन्ही गटांच्या अजेंड्यावर नसतं. एखाद्या नेत्यावर जीव असायला हरकत नाही, पण मत देण्याआधी खालच्या चुका आपल्याकडून होत नाहीत ना, एवढं बघून घ्या.

प्रश्न एकाचा, जाब दुसऱ्याला

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ज्याच्या हातात काम नाही त्याला आपण त्या कामासाठी निवडतो, आणि ज्याच्या हातात आहे तो सुटतो. म्हणून आधी आपला प्रश्न लिहा, मग तो कोणाच्या अखत्यारीत येतो ते बघा, आणि उमेदवाराचं नाव शेवटी.

नळाचं पाणी, गटर, कचरा उठाव, पथदिवे, केएमटी (शहर बस), घरफाळा (मालमत्ता कर) आणि शहरातले अंतर्गत रस्ते ही महापालिकेची कामं. पुणे-बेंगळुरू महामार्ग केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा निर्णय राज्य सरकारचा. हद्दवाढीचा ठराव महापालिका करू शकते, पण अधिसूचना राज्य सरकारच काढतं. 1972 ला महापालिका झाल्यापासून शहराची हद्द तसूभरही वाढलेली नाही. उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) केंद्र ठरवतं, आणि ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे देण्याचं बंधन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातलं आहे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायची की नाही, हा तर संबंधित राज्यं, केंद्र आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यातला विषय. प्रभागातला उमेदवार अलमट्टीवर गरजत असेल तर ऐकून घ्या, आणि भाषण संपलं की त्याला आपल्या भागातल्या नाल्याचं विचारा.

पंचगंगेचं प्रदूषण थोडं गुंतागुंतीचं आहे. शहरातलं सांडपाणी महापालिकेचं: जयंती नाला, दुधाळी नाला, कसबा बावड्याचं 76 एमएलडीचं (रोज 76 दशलक्ष लिटर) आणि दुधाळीचं 17 एमएलडीचं प्रक्रिया केंद्र. कारखान्यांच्या पाण्यावर देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची. नदीकाठच्या गावांचं सांडपाणी ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेकडे. त्यामुळे 'पंचगंगा स्वच्छ करू' या वाक्याला काडीची किंमत नाही. कोणता नाला, त्यातलं किती पाणी प्रक्रियेविना नदीत जातं, तो कधीपर्यंत केंद्राकडे वळवणार, एवढं जो सांगेल त्याच्याशीच पुढे बोलावं.

ज्या काळात नगरसेवकच नव्हते, त्या काळाचं श्रेय

नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. मधल्या पाच वर्षांत ना नगरसेवक होते, ना स्थायी समिती. या काळातलं काम 'मी केलं' असं माजी नगरसेवक सांगत असेल, तर पैसे कुठल्या निधीतून आले हे विचारा. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती, राज्याचं विशेष अनुदान, यापैकी काहीतरी एक असणार. पाठपुरावा केला असेल तर पत्र असेल, पत्रावर आवक क्रमांक असेल. पत्र नसेल तर तो फक्त फ्लेक्स.

फ्लेक्सवरच्या आकड्यांचंही तेच. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी मिळतात, खासदारालाही तेवढेच. पाच वर्षांचे होतात 25 कोटी. फलकावर शेकडो कोटी लिहिले असतील तर बाकीचा पैसा सरकारी खात्याच्या अर्थसंकल्पातला आहे. आमदाराने तो खेचून आणला असेलही, पण तो नेमका कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश), काम आणि शेवटी देयक, असा प्रवास असतो. फ्लेक्स लागतो पहिल्याच टप्प्याला. कार्यादेशाची तारीख मागितली की बरेच कोटी हवेत विरतात.

'कोणी आणली' यावर भांडत बसणं

काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन हे ठळक उदाहरण. सुमारे 53 किलोमीटरची ही योजना अनेक वर्षं रखडली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचलं. ती कोणी आणली यावर कट्ट्यावर आजही तावातावाने वाद होतात. पण एवढ्या मोठ्या योजनेत केंद्र, राज्य आणि महापालिका तिघांचा हात असतो. पुढच्या पाच वर्षांसाठी कामाचा प्रश्न वेगळाच आहे: पुईखडीपासून आपल्या नळापर्यंत काय अडतं? टाकी, अंतर्गत वाहिनी, गळती की दाब? आठवडाभर पाणी किती वाजता आलं, किती वेळ राहिलं आणि एक बादली भरायला किती मिनिटं लागली, हे वहीत लिहा. ती वही प्रचाराला आलेल्या प्रत्येकासमोर धरा. उत्तरात कोण वाहिनीचा व्यास आणि टाकीचं नाव सांगतो आणि कोण नुसतं 'बघतो की' म्हणतो, हे पाच मिनिटांत कळतं.

शपथपत्र उघडायचं, पण चुकीचं वाचायचं

लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांचं नमुना 26 मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं, महापालिका-जिल्हा परिषदेचं राज्य निवडणूक आयोगाकडे. बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: गुन्हे किती आणि संपत्ती किती कोटी. या दोन्ही आकड्यांनी फसगत होते.

गुन्ह्यांची संख्या बघू नका, कलमं बघा. टोलविरोधी आंदोलन आणि ऊसदराचे रास्ता रोको झालेल्या या जिल्ह्यात कार्यकर्त्यावर पाच-सात गुन्हे असणं नवल नाही. भारतीय दंड संहितेची 143, 188, 341 आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 37 व 135 अशी जोडी दिसली तर ते बहुधा आंदोलन असतं. 420 म्हणजे फसवणूक, 409 म्हणजे लोकसेवकाने वगैरे केलेला विश्वासघात, 307 म्हणजे खुनाचा प्रयत्न, आणि परक्राम्य संलेख कायद्याचं 138 म्हणजे न वटलेला धनादेश. 1 जुलै 2024 नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे आकडे लागतात, तिथे फसवणूक 318, विश्वासघात 316, खुनाचा प्रयत्न 109. पुढच्या रकान्यात न्यायालयाने दोषारोप निश्चित केलेत का, हे लिहिलेलं असतं. नुसती फिर्याद आणि निश्चित झालेले दोषारोप यांत फार अंतर आहे.

संपत्तीचंही तसंच. पेठेतला जुना वाडा किंवा उपनगरातली वडिलोपार्जित जमीन आजच्या बाजारभावाने कोटीत जाते, त्यात उमेदवाराचा काही पराक्रम नाही की पाप नाही. स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात वडिलोपार्जित की स्वतः घेतलेली, खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत हे वेगळे रकाने असतात. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा आणि जमिनीचे नवे गट क्रमांक तेवढे टिपा. त्यांच्या खरेदीची बेरीज गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रातल्या उत्पन्नाशी आणि देणी या रकान्याशी ताडून बघा. उत्पन्न थोडं, कर्ज नाही आणि खरेदी मोठी असेल तर उमेदवाराला तोंडावर विचारायचा प्रश्न तयार झाला. तो गुन्हा ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. सरकारी कंत्राटांचा रकाना लोक हमखास ओलांडून पुढे जातात. उमेदवाराच्या आणि जोडीदाराच्या नावासमोर तिथे काय लिहिलंय ते जरूर वाचा.

माहिती अधिकार आचारसंहितेत आठवणं

अर्जाला उत्तर द्यायला कार्यालयाला 30 दिवस असतात. आचारसंहिता लागल्यावर अर्ज टाकला तर उत्तर येईपर्यंत गुलाल उधळून झालेला असतो. निवडणुकीच्या किमान तीन महिने आधी सुरुवात करा, कारण पहिलं अपील करावं लागण्याची शक्यता बरीच असते. शुल्क 10 रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. 'प्रभागातील सर्व कामांची माहिती द्या' असं लिहिलं की अर्ज परत येतो किंवा मोघम उत्तर मिळतं.

एकच रस्ता धरा आणि एवढंच मागा: 'अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या शेवटच्या कामाचा कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक आणि दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख.' कागद हातात आले की खड्ड्याच्या कडेला पट्टी लावा. अंदाजपत्रकात डांबराचा थर 30 मिमी असेल आणि तीन-चार ठिकाणी मोजून तो निम्माच भरत असेल, तर फोटोसह नोंद ठेवा. खड्ड्याची कड झिजलेली असते, म्हणून एकाच मापावर ओरड नको.

यातली खरी मेख दोष दायित्व कालावधीत असते. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्याच रस्त्याची मुदतीच्या आत नवी निविदा निघाली असेल तर घरफाळ्यातून दोनदा पैसे गेले. पदावर असलेल्या उमेदवाराला 'रस्ता का खराब झाला' असं विचारू नका, त्याला पावसाचं कारण तयार असतं. 'ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्या असं लेखी कधी कळवलं?' असं विचारा.

पूर आला की मदत, आणि तेवढीच आठवण

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत बोटीतून दूध-बिस्किटं वाटणारा लक्षात राहतो, ते साहजिकच आहे. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकाम परवाना मात्र महापालिका देते. सभागृहात पूरक्षेत्रातल्या आरक्षणाचा किंवा भरावाचा विषय आला तेव्हा तुमचा नगरसेवक काय बोलला, हे सभेच्या इतिवृत्तात सापडतं. मदतीचे फोटो बघितल्यावर इतिवृत्तही मागवा.

छोट्या पण नडणाऱ्या

तालमीने पाठिंबा जाहीर केला म्हणून अख्ख्या गल्लीचं मत बांधलं जात नाही. तांबडा-पांढरा रस्सा कोणाचाही खाल्ला तरी मतदान गुप्तच असतं. शेवटच्या 48 तासांत मोबाईलवर येणारी 'उमेदवाराने माघार घेतली' किंवा 'अमक्याला पाठिंबा दिला' ही ऑडिओ क्लिप आधी खोटी धरा, कारण माघारीची मुदत केव्हाच संपलेली असते.

यादीतलं नाव विधानसभेला होतं म्हणून महापालिकेला त्याच केंद्रावर असेल असं नाही. विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडताना घरं इकडची तिकडे होतात, म्हणून प्रारूप यादी लागल्यावर हरकतीच्या मुदतीतच नाव शोधा.

शेवटची चूक मतदान यंत्रासमोरची. महापालिकेत आता बहुसदस्यीय प्रभाग आहेत, 19 प्रभागांत चार आणि एका प्रभागात पाच जागा. प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं, आणि एखादी जागा कोरी सोडली तर मतदानाची प्रक्रिया पूर्ण होत नाही. एका ओळखीच्या चेहऱ्यासाठी जायचं आणि बाकीची बटणं त्याच चिन्हावर दाबून मोकळं व्हायचं, हा रिवाज पडलाय. अ, ब, क, ड प्रत्येक जागेचं घरीच वेगवेगळं ठरवा. एखाद्या जागेवर कोणीच पटत नसेल तर तिथे 'वरीलपैकी एकही नाही' दाबा, आणि सगळी मतं झाल्यावर लांब बीप ऐकूनच बाहेर पडा.